चार पायऱ्या आणि अखिल भारत

२ सप्टेंबर १९५६, रविवार
संताप. दुसरा शब्द नाही. राज्यपुनर्रचनेचा कायदा झाला. मध्यभारत बुडणार, राजधानी भोपाळला जाणार. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांचं सामान पेट्यांत भरताहेत. आता रस्ते, रेल्वे, पाणी यांसाठी दिल्लीचा पैसा इकडे कोण आणणार? मी.
आज 'अखिल भारतीय लोकनिर्माण परिषद' स्थापन केली. अध्यक्ष मी, चिटणीस मुकुंदराव. अखिल भारतीय यासाठी की मुकुंदरावांचे मेहुणे कानपूरला असतात.
सुनंदाला सांगितलं. म्हणाली, अहो, भारताचं नंतर बघा, जयेंद्रगंजात आपल्या गल्लीत आधी नळ आणा, माझी कंबर राहिली नाही. गल्लीच्या तोंडाशी एकच सरकारी नळ आहे. लग्न होऊन आल्यापासून ती तिथूनच घागरी वाहते.
बायकांना अखिल दृष्टी नसते.

६ सप्टेंबर
विजय! आपल्या गल्लीत पाइपलाइन मंजूर. परिषदेला चार दिवस झाले नाहीत आणि सरकार हललं. (दिल्लीचं पत्र अजून टाकायचं आहे.)
सक्सेना नावाचा तरुण ओव्हरसियर आला होता. मंजुरी मध्यभारत सरकारची, म्हणजे ऑक्टोबरअखेर पाइप पडायला हवेत, संमती त्याच्या आधी. पुढे सरकारच नसेल. रस्त्यात आलेले ओटे कापावे लागतील. एकाही घरानं नाही म्हटलं तर पाइप मागच्या गल्लीत जाईल.
कोण करंटा नाही म्हणेल?

९ सप्टेंबर
सक्सेनानं माप घेतलं. आमच्या ओट्याच्या चारपैकी खालच्या दोन पायऱ्या जाणार.
त्याला समजावलं की चार पायऱ्यांचा मान आमच्या पणजोबांना दरबारातून मिळाला. समोरच्या कान्होजीरावांचं घराणं शिलेदारांचं, त्यांना दोनच. त्यांची एक कापणार. तो म्हणाला, पंडितजी, पाइप को क्या मालूम किसका परदादा कौन था.
हा इंजिनियर!
मी सरंजामशाहीचा कट्टर वैरी. चौथ्या पायरीवर उभा राहून तिच्याविरुद्ध किती भाषणं केली. म्हणूनच ती पायरी लागते. प्रश्न दगडाचा नाही, तत्त्वाचा आहे. समोरची एक पायरी फुटल्याशिवाय माझ्या दोन फुटणार नाहीत.

१३ सप्टेंबर
गणेशोत्सवात भाषण. विषय : 'रस्ता हाच राष्ट्राचा कणा'. रोमचे रस्ते, शेरशहाचे रस्ते, अमेरिकेतली धरणं. गावांनी एकमेकांचा हात धरावा, प्रत्येकानं आपली वीतभर जागा सोडावी, तरच देश उभा राहील, असं म्हणालो तेव्हा टाळ्या थांबेनात. मागून कोणीतरी ओरडला, पंतजी, आपकी वीतभर कब छूटेगी? चोरटे लोक! अंधारातून बोलतात.

२१ सप्टेंबर
कान्होजीराव आले. मिशीला पीळ देत म्हणाले, पंत, काय ठरलं? मी म्हणालो, आधी तुम्ही. ते म्हणाले, अहो, परवाच फोडली की! बाहेर बघत नाही का?
बघितलं. खरंच फोडली होती.
हा उद्धटपणा आहे. शुभकार्यात पहिला घण घालायचा मान कोणाचा? न विचारता घातला! आता मी फोडली तर शिलेदाराच्या मागून पंत असा अर्थ होतो. दिल्लीला कडक पत्र लिहायला घेतलं : ओट्यांबाबत राष्ट्रीय धोरण हवं. पाच पानं झाली. गाडी अजून प्रस्तावनेत.

७ ऑक्टोबर
गल्लीत सगळ्यांची संमती झाली. राहिलो मी.
आमची मुलगी राजलक्ष्मी कॉलेजला जायच्या आधी चार खेपा घालते, कारण तिच्या आईला डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली आहे. आज घागर आपटून म्हणाली, बाबा, मान जाओ ना, दो पत्थरों के लिए आई मर जाएगी क्या? पोरीचं मराठी पार बिघडलं. त्यावर अर्धा तास बोललो. तिची आई न ऐकताच दुसरी घागर घेऊन निघाली होती. डॉक्टरचं ऐकत नाही. हट्टी.

१४ ऑक्टोबर, दसरा
दरवर्षी लोक ओट्यावर चढून सोनं देतात. यंदा सगळ्यांनी आपट्याची पानं खालच्या पायरीवर ठेवली आणि वर न बघता गेले. पायरीला एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता.
मात्र 'सोन्यासारखं राहा' असं कोणी म्हणालं नाही. कान्होजीरावांची सून पानं ठेवताना म्हणाली, ही घ्या पंत, पायरीला नैवेद्य.

२५ ऑक्टोबर
निर्णय झाला. देशासाठी त्याग करणार! मात्र गुपचूप नाही. ३१ ला संध्याकाळी जाहीर सभा, भाषण, नंतर माझ्याच हातानं घण. अखिल भारतीय प्रतिनिधी (मेहुणे) येतील.
सक्सेना कागद घेऊन दारात उभा. आज ही दस्तखत कर दीजिए, म्हणाला. मी म्हणालो, सभेत करीन. तो म्हणाला, तब तक देर हो जाएगी. कारकुनी वृत्ती! इतिहास कधी घाईत सही करतो का?
सुनंदा आतून म्हणाली, अहो, करा ना हो. एवढंच. 

३१ ऑक्टोबर
सभा अपूर्व. दीड तास बोललो. मेहुणे आले नाहीत. श्रोते कमी, पण निवडक : मुकुंदराव, आणि एक टांगेवाला, ज्याचा रस्ता अडला होता. घण घेतला. दोन्ही पायऱ्या फोडल्या. हाताला फोड.
मग सक्सेनाकडे कागद मागितला. तो सायकलला पेटी बांधत होता, भोपाळला बदली झाली. म्हणाला, पंडितजी, पाइप तो परसों पीछे वाली गली में उतर गए. वहाँ एक दिन में सब ने दस्तखत कर दिए.
मी विचारलं, मग पायऱ्या परत बांधू? म्हणाला, सरकारी रास्ते में अब नहीं बन सकतीं.
सरकार उद्यापासून नाही, पण रस्ता सरकारी!

२ डिसेंबर
मागच्या गल्लीत नळ सुरू झाले. आमची पहिली पायरी आता रस्त्यापासून मांडीएवढी उंच. सुनंदा भरली घागर घेऊन चढू शकत नाही. काल पडता पडता वाचली. कान्होजीरावांनी खालून हात दिला, एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.
आज पहाटे घागर मी उचलली. उडी मारून उतरलो. मागच्या गल्लीतला नळ आता जवळचा, तिथे रांग. बायकाच बायका. वाटलं, एवढा श्रोतृवर्ग पुन्हा मिळायचा नाही. घसा साफ केला. बंधुभगिनींनो, देशाच्या पाण्याचा प्रश्न...
मागची बाई म्हणाली, भाईसाहब, घड़ा आगे सरकाओ.
सरकवला.