खडबडीत आकडे

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी दोघांनाही घरी आणलं. सुट्टीच्या कागदावर सही करताना डॉक्टरांनी स्वतः वजनं वाचून दाखवली: मुलगा २१४० ग्रॅम, मुलगी १८६०. सात आठवडे काचेच्या पेट्यांत ठेवलेली पोरं आता आमच्या पलंगाशेजारी एका पाळण्यात आडवी झोपली आहेत. हे दर पाच मिनिटांनी वाकून श्वास बघतात. मी दर चार.

मुलाची काळजी नाही. मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी अट घातली आहे. रोज सरासरी वीस ग्रॅम तरी वाढली पाहिजे. लागोपाठ तीन दिवस नाही वाढली तर लगेच परत घेऊन या, वाट बघू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. भाड्याने काटा आणला आहे, सरकत्या वजनाचा, पाच-पाच ग्रॅमच्या रेघांचा. घरी येणाऱ्या सिस्टरकडे चाळीस घरं आहेत, त्या १७ तारखेला येतील. तोवर एक दिवसाआड खालच्या औषधाच्या दुकानातून फोन करून मी त्यांना आकडे सांगायचे.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून ही चिठ्ठी ह्यांच्या डेपोतल्या रात्रीच्या बसने पाठवते आहे. ड्रायव्हर मिशीवाले आहेत, सगळे त्यांना हवालदार म्हणतात. उत्तर त्यांच्याकडेच द्या, सकाळी मला मिळेल. आईचा पाय कसा आहे?

बाळांचा आणि माझा नमस्कार. लोभ आहेच, तो सध्या थोडा जास्त लागेल.

तुमची,
खारूताई

५ मार्च

चि. सौ. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हवालदारांनी हातात दिलं आणि मिशीला पीळ देत उभे राहिले. चहा पिऊनच गेले. टपालखात्याहून हे खातं महाग पडणार.

पोरांना तुम्ही अजून नावं ठेवली नाहीत, तेव्हा मी ठेवतो. मुलगा पावशेर आणि मुलगी छटाक. ही जुनी मापं मी नोकरीला लागलो तेव्हाच बाद झाली होती, पण म्हाताऱ्या दुकानदारांच्या तोंडी तीच असायची. छटाक सगळ्यांत लहान म्हणून दुर्लक्ष करू नकोस. लबाडी व्हायची ती नेहमी लहान मापातच.

आता कामाचं. वजनमापं तपासण्यात माझी तेहतीस वर्षं गेली, म्हणून चार गोष्टी ऐक. काटा भिंतीपासून लांब, सपाट जागी ठेव. पोरांना ठेवण्याआधी रिकामा काटा शून्यावर येतो का बघ. दुपटं रोज तेच. वेळ रोज तीच, दूध पाजण्याआधी. आणि आकडा दिसला की तिथल्या तिथे लिही. डोक्यात ठेवलेला आकडा स्वयंपाकघरापर्यंत जाईतो फुगतो.

दोघांचे रोजचे आकडे मला कळव. इथे करमणूक काही नाही. तुझ्या आईचा पाय सुधारतो आहे, काळजी नसावी. ती प्लास्टरवर पेन्सिलीने हिशेब लिहिते आणि मला कामाला लावते. तिला सोडून येता येत नाही, हेच काय ते दुःख.

जावईबापूंना आशीर्वाद. पत्र लहान असलं तरी चालेल, आकडे मात्र पुरते हवेत.

तुझे,
बाबा

११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नका. दिवस आणि रात्र यांच्यात आता फरक राहिलेला नाही. दर तीन तासांनी दूध. आधी छटाक, मग पावशेर, मग दुपटी, मग जरा पाठ टेकते तोवर पुन्हा छटाक. हे डेपोतून आले की कोपरापर्यंत हात घासतात, तेलाचा डाग दिसला तर पुन्हा घासतात, आणि मग पावशेरला घेऊन खिडकीशी उभे राहतात. इंजिन चालू ठेवल्यासारखं हलत राहतात. तो तेवढ्यानेच झोपतो.

तुमची नावं इथे चालू झाली आहेत. औषधवाल्यांनीही काल छटाक कशी आहे म्हणून विचारलं.

३ तारखेपासून १० पर्यंतचे आकडे, सकाळी सहाचे:

पावशेर: २१४०, २१७५, २१७०, २२१०, २२३५, २२३०, २२८५, २३१०.
छटाक: १८६०, १८८०, १९००, १९२५, १९४५, १९६५, १९९०, २०१०.

सिस्टर फोनवर शाबास म्हणाल्या. छटाक आता शहाण्यासारखी पिते. पिता पिता झोपते, पण उठवली की पुन्हा थोडं घेते. तेव्हा तिची काळजी करू नका.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. बाकी लिहायला हात मोकळा नाही.

तुमची,
खारूताई

१२ मार्च

चि. सौ. खारूताईस,
आशीर्वाद.

पत्र सकाळी मिळालं. चार वेळा वाचलं. हे पत्र एकटी असताना वाच, आणि उभी असशील तर बस.

सरकारी कोठारात तपासणीला जायचो तेव्हा मी आधी धान्याकडे बघत नसे, वहीकडे बघत असे. रोज तोललेल्या मालाचे आकडे खडबडीत असतात. कधी ओल, कधी वारा, कधी तोलणाऱ्याचा हात. जो कारकून महिनाअखेरीला बसून एका बैठकीत सगळी पानं भरायचा, त्याचे आकडे इस्त्री केल्यासारखे यायचे. नुसती वही त्याच्यासमोर उघडी ठेवायचो.

पावशेरचे आकडे वाचताना मला मूल दिसतं. एक दिवस पोटभर प्यालं, एक दिवस सगळं दुपट्यात काढलं, दोनदा पाच ग्रॅमनी घटलंसुद्धा. छटाकचे आकडे वाचताना मला टेबलाशी बसलेला माणूस दिसतो. वीस, वीस, पंचवीस, वीस, वीस, पंचवीस, वीस. बाळ असं वाढत नाही, पोरी. डॉक्टरांनी सांगितलेल्या अटीएवढंच, दररोज, एकदाही न चुकता.

चुकत असेन तर मला वेडा म्हण, आनंदाने ऐकेन. पण चुकत नसेन तर ती पोर आठ दिवस वाढलेली नाही, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

लहानपणी तू प्रगतिपुस्तक गाद्यांच्या खाली लपवायचीस, म्हणून तर खारूताई. आम्ही हसायचो. आज हसवत नाही.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तुझ्या आईचा पाय सुधारतो आहे असं लिहिलं, ते खोटं. हाड नीट बसलं नव्हतं, प्लास्टर दुसऱ्यांदा घातलं, अजून सहा आठवडे उठता येणार नाही. तुला आधीच कमी का ओझं, म्हणून लपवलं. तुझंही कारण असंच काही असेल. कारण चांगलं असतं, काटा मात्र ते बघत नाही.

हे पत्र उद्या सकाळी तुला मिळेल. मिळाल्याबरोबर तिला घेऊन दवाखान्यात जा आणि रात्रीच्या बसने कळव. परवा सकाळी हवालदार रिकाम्या हाताने उतरले तर मी सिस्टरना फोन लावीन. मला ऐकू येत नाही, पण बोलता येतं. सांगायचं ते सांगून ठेवून देईन.

रागावलो नाही. घाबरलो आहे.

तुझे,
बाबा

१३ मार्च, दवाखान्यातून

ती. बाबांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मी जिन्यात वाचलं. बसले नाही, पण कठडा धरला. आधी तुमचा फार राग आला. इतक्या लांबून, न बघता, आठ आकड्यांवरून तुम्ही मला पकडलंत. मग खोलीत येऊन कॅलेंडरचं पान उलटलं. खरे आकडे मी त्याच्या मागे पेन्सिलीने रोज लिहीत होते. तुमचीच मुलगी, न लिहिता राहवेना. ते असे:

१८६०, १८८०, १८८५, १८८५, १८७०, १८८०, १८७५, १८८०.

पाच तारखेपासून खोटं लिहिलं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या भरून निघेल. दुसऱ्या दिवशी कालच्या खोट्यावर आजचं रचावं लागलं. सिस्टर शाबास म्हणाल्या तेव्हा फोन ठेवून मी दुकानातच रडले. औषधवाल्यांना वाटलं, आनंदाने.

का केलं ते सांगते. वॉर्डात छटाकच्या शेजारी खिडकीकडची एक पेटी होती. त्या बाळाची आई आणि मी रोज एकाच बाकावर बसायचो. एका सकाळी ती पेटी धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवलेली होती. कोणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. छटाकला त्या खोलीत परत न्यायचं नाही, एवढं एकच डोक्यात बसलं. घरी असली म्हणजे माझ्या हातात आहे, असं वाटत होतं.

ह्यांना डेपोतून बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी फक्त पावशेरला कोण बघणार असं विचारलं, आणि मीच बघतो असं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

दुपारी एकला दवाखान्यात आलो. डॉक्टरांपुढे कॅलेंडरचं पानच ठेवलं. त्यांनी तिला तपासलं, रक्त काढून बघितलं. मग म्हणाले की तिच्या अंगात रक्त फार कमी झालं आहे, म्हणून चोखताना दमते आणि झोपते. मला वाटायचं पोट भरलं. अजून चार दिवस गेले असते तर तुम्हाला वेगळं काही सांगावं लागलं असतं, असंही म्हणाले.

आता रक्त चढवताहेत. नाकातून दुधाची नळी घातली आहे. पेटी खिडकीकडचीच मिळाली. मी समोर बसले आहे. आजची रात्र कशी जाते त्यावर पुढचं, एवढंच सांगितलं आहे.

आईच्या पायाचं मला खरं सांगायला हवं होतं. हे मी कोणत्या तोंडाने लिहिते आहे ते माहीत आहे, तरी लिहिते.

तुमची

१४ मार्च

चि. सौ. खारूताईस,
आशीर्वाद.

हवालदार आज चहाला थांबले नाहीत. पत्र देऊन, मी वाचून होईपर्यंत फाटकात उभे राहिले. रात्रीचं काय झालं ते कळेपर्यंत इथे कोणाला घास उतरणार नाही, तेव्हा दोन ओळी तरी पाठव.

सोबत कापडात गुंडाळलेलं जड काही आहे, ते माझं पितळी वजन. पाचशे ग्रॅम, निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेलं. घरी आल्यावर रोज छटाकच्या आधी ते काट्यावर ठेव. काटा खरा आहे हे त्याच्याने कळेल. बाकीचं तुझ्या हाती.

खाली आईला लिहायचं आहे. मला वाचू नका म्हणाली आहे.

बाबा

बाळा, मी आडवी पडून लिहिते आहे म्हणून अक्षर तिरकं. तुझे बाबा १२ तारखेचं पत्र हवालदारांना देऊन आले आणि रात्रभर खुर्चीत बसून राहिले. तुला फार लागेल असं लिहिलं का, म्हणून मला सारखं विचारत होते. मी सांगितलं की लागेल, आणि लागायलाच हवं. तुझ्या जन्माच्या वेळी मी पण बरंच लपवलं होतं सासूबाईंपासून. ते भेटीत सांगेन. आधी जेव. आई.

१९ मार्च

ती. बाबांस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या रात्रीच्या दोन ओळी मिळाल्या असतील. त्यानंतर लिहिलं नाही, कारण चांगलं लिहायची भीती वाटत होती. आज लिहिते.

वॉर्डातल्या सिस्टरना तुमचं वजन दाखवलं. त्यांनी हसत हसत ते त्यांच्या काट्यावर ठेवलं. बरोबर पाचशे भरलं, तेव्हा त्यांचाच जीव भांड्यात पडला. आता रोज सकाळी आधी तुमचं वजन ठेवतात आणि मग छटाकला. घरी येणाऱ्या सिस्टरही परवा इथे येऊन गेल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी फोनवर आकडा नको, रडायचं असेल तर तेच करा, मला कळेल.

पावशेर घरी मजेत आहे. हे भेटीच्या दोन्ही वेळा त्याला घेऊन येतात. काल त्याच्या झबल्याला तेलाचा डाग होता.

छटाकचे आकडे, १४ तारखेपासून आजपर्यंत: १८८०, १८६५, १९००, १९०५, १८९५, १९३०.

मी मुद्दाम तिसऱ्यांदा वाचून बघितले, बाबा. खडबडीत आहेत.

उद्या सकाळी नऊला नळी काढणार आहेत. दिवसभर ती स्वतः पिते का, दमते का, ते बघतील आणि परवा सहा वाजता तोलतील. त्यावर घरी की इथेच, ते डॉक्टर ठरवतील. जो आकडा येईल तो परवाच्या बसने पाठवीन. कमी आला तरी पाठवीन.

आईच्या पायाचंही तसंच कळवा.

तुमची,
खारूताई