धुळ्याच्या पाच मुठी

मोठी माय,

आज सोमवार, १७ ऑगस्ट १९५९. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. गिरणा नदीवर कानबाई बोळवून आम्ही तिघे आत्ताच घरी आलो. आबा, तुझे लेक, ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, आई परात घासते आहे, आणि मी ओला पायजमा वाळत घालून लिहायला बसलो आहे. तू जाऊन चार वर्षे होतील. तुला पत्र लिहिण्यात अर्थ नाही, हे मला कळते. तरी झाले ते कुणाला तरी क्रमाने सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कानबाईच्या रोटाचे, त्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू तू घ्यायचीस. श्रावणात कानबाई बसते त्या रविवारच्या आधी सूप घेऊन दारातच बसायचीस, घरातल्या एकेकाचे नाव घ्यायचीस आणि प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ परातीत टाकायचीस. रीत पुरुषांच्याच मुठींची, पण तू सुनांच्या आणि नातींच्याही घ्यायचीस. भाऊबंद कुरकुरले की म्हणायचीस, देवी बाईमाणूस आहे, तिला चालते. त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर घासही द्यायचा नाही. मी चौदा वर्षांचा असताना तुला म्हणालो की धुळ्याचे काका दोन वर्षे आलेले नाहीत, त्यांच्या घरच्या पाच मुठी कशाला घेतेस, रोट उरतात. तू माझ्या हातावर फटका मारलास. "तो येवो का नको येवो, त्यानी मूठ घरमाच शे," म्हणालीस, आणि सांडलेले गहू मलाच वेचायला लावलेस.

घराचा तुला एवढा लळा, पण तू घरात टिकायची नाहीस. कुणाची बैलगाडी असोद्याला निघाली की अनवाणीच मागे चढायचीस आणि दोन दिवसांनी केळीचा घड घेऊन परत यायचीस. त्याच वर्षी तू मला घेऊन मोटारीने धुळ्याला निघालीस. वाटेत पेरूवाली दिसली, तशी तू ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारलीस. "थांबाड रे दादा, मना नातूसले जांब लेवाना शेतस." एकाने चिडून विचारले, मोटार तुझ्या बापाची आहे का? तू म्हणालीस, नाही, माझ्या बापाची बैलगाडी होती, ती न सांगताच थांबायची. सगळे हसले आणि मोटार थांबली. मी मात्र लाजेने खिडकीबाहेर बघत होतो. धुळ्याला काका दारात तोंड फुगवून उभे. तू त्यांना काही विचारले नाहीस. पेरू मुलांच्या पुढ्यात ओतलेस आणि सरळ चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसलीस. पुढच्या श्रावणात ते पाचही जण आले.

यंदा पत्र मी लिहिले. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण अक्षर चांगले म्हणून घरची सगळी पत्रे माझ्याकडेच असतात. जिनिंगमध्ये मी दिवसभर कापसाच्या गाठी मोजून लिहितो. न मोजलेले काही राहिले की पुन्हा पहिल्यापासून मोजतो. मी काकांना कार्डावर लिहिले, 'आपण किती माणसे येणार ते नक्की कळवावे, म्हणजे तेवढ्याच मुठी घेता येतील.' पेटीत टाकण्यापूर्वी तीनदा वाचले. एकही चूक सापडली नाही. आठ दिवसांनी काकांचे उत्तर आले. 'आमची मूठ विचारून घ्यायची असेल तर घेऊच नका. आम्ही इथे पांझरेवर आमची कानबाई बसवतो.' रोट एकदा वेगळे झाले की भाऊ वेगळे झाले, ते पुन्हा एक होत नाहीत, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. भांडण नाही, वाटणी नाही, माझ्या एका ओळीने झाले.

ते कार्ड मी आबांना दाखवले नाही. त्यांनी तुझ्यासारखेच नावे घेत मुठी घेतल्या, आमच्या तीन आणि धुळ्याच्या पाच. मी शेजारी उभा होतो. प्रत्येक मुठीला वाटत होते, आता बोलावे. काल रविवारी आबा मोटारीच्या थांब्यावर तीनदा जाऊन आले. संध्याकाळची शेवटची मोटार येऊन गेली तेव्हा म्हणाले, "पांझराले पूर उना व्हई." मी म्हणालो, हो, पूरच असेल.

आज नदीवर जाताना पुढे कुणी नाचले नाही. तू पदर खोचून नाचायचीस, सुना लाजून मागे राहायच्या. आज आई कानबाई डोक्यावर घेऊन मुकाट चालत होती. उरलेले रोट आबांनी पाण्यात सोडले, एकेक करून, दर वेळी धुळ्याच्या घरातले एक नाव घेत. पाचवे नाव झाल्यावर ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू कार्डावर काय लिखं व्हतं रे भाऊ?"

मी म्हणालो, या म्हणून लिहिले होते. ते रिकामी परात उचलून घराकडे चालू लागले. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

हा कागद मी काकांची माफी मागायला काढला होता. वर त्यांचा मायना घातला, पुढे एक शब्द सुचेना, म्हणून तो खोडून तुझा घातला. पाच वाजता धुळ्याची मोटार आहे. तू असतीस तर एव्हाना थांब्यावर जाऊन बसली असतीस. मी जाणार नाही. काकांनी दारातूनच परत पाठवले तर काय करायचे, ते मला येत नाही.