नवतरुण कबड्डी संघाचं अनुदान

आपलंच गाव, ता. रोहा
शुक्रवार, जेवणानंतर

चिरंजीव नावेद यास सखाकाकाचे पोटभर आशीर्वाद.

तिकडे अरीबा, दोन्ही मुलं आणि तुझी ती दुखरी पाठ असे सगळे ठीक असाल अशी आशा करतो. इकडे आम्ही मजेत आहोत. तुझी गिरजाकाकी माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तब्येतीने ठणठणीत आहे. फोनवर तुझ्याशी नीट बोलणं होत नाही. तू "हां काका, हां काका" म्हणतोस, मागून कोणीतरी तुला हाक मारतं आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी शिफ्ट सुरू होते. म्हणून हे पत्र. आमची सूनबाई पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवणार आहे. पानांवर आकडे घातले आहेत, त्या क्रमाने वाच, नाहीतर आधी सामना होईल आणि मग सराव.

अब्बांचं दोह्याचं तिकीट काढलंस असं कळलं. (रोह्याहून दोह्याला, एका अक्षराचा तर फरक, असं आमच्यातला पोपट म्हणाला. कोणी हसलं नाही.) चांगलं केलंस. सुरैय्याभाभी गेल्यापासून मुराद (तुझे अब्बा खरे, पण मी त्याला शाळेपासून अरेतुरे करतो, आता जीभ वळत नाही) एवढ्या मोठ्या घरात एकटा असतो. न्हाणीघरात एकदा पाय घसरून पडलासुद्धा. अशा वेळी मुलाने बापाला जवळ न्यावं यात कोणी नाक खुपसण्यासारखं काही नाही आणि मी तर मुळीच खुपसणार नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "पोरगा नेल तिकडं जायाचा. माजं काय?" तेव्हा तो विषय मिटला. हे पत्र वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे. आपल्या मंडळाला अनुदान मिळालं.

झालं असं, की जी मंडळं पदरमोड करून गावाच्या उपयोगी पडतात त्यांना थोडंथोडं अनुदान द्यायचं असं आपल्या ग्रामपंचायतीने यंदा ठरवलं. सरपंच अनिताताईंनी ग्रामसभेत हे सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवसापासून गावात इतकी मंडळं निघाली की माणसं कमी पडायला लागली. एकेक जण तीनतीन मंडळांचा उपाध्यक्ष. भजनी मंडळ होतंच, बायकांचा बचतगट होता, साईराजचा क्रिकेट क्लब होता (साईराज तुला आठवत असेल, तुमच्या कुंपणावरून पेरू पाडायचा तो, आता डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे आहे आणि खांदे दाराएवढे झाले आहेत). पण एक निसर्गप्रेमी मंडळही निघालं, आणि त्याचा अध्यक्ष कोण, तर ज्याने शाळेमागचं जांभळाचं झाड परस्पर तोडून विकलं तो. त्याचं म्हणणं, झाडाशी इतका जवळून संबंध गावात दुसऱ्या कोणाचा आलेला नाही.

आता आम्ही सात म्हातारे तळ्याकाठच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ बसतो हे तुला ठाऊक आहे. खोलीचं छप्पर गळतं. ते चालतं, पावसाळ्यात आम्ही खुर्च्या सरकवत बसतो. पण या वयात माणसाला घडोघडी जी एक अडचण येते तिची तिथे काही सोय नाही. त्यासाठी घरी जावं लागतं, आणि घरी गेलेला माणूस परत येत नाही, त्याला दळणाला पाठवतात. तेव्हा आम्हालाही अनुदान हवं होतं, छपराचे पत्रे आणि एक मोरी यांच्यासाठी. ग्रामसेवक म्हणाले, मंडळ नोंदणीकृत पाहिजे. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. फक्त मुराद मिशीत हसला.

तू जन्मायच्या आधी दोन्ही आळ्यांतल्या पोरांनी मिळून 'नवतरुण कबड्डी संघ' काढला होता. पेणपासून रोह्यापर्यंत ज्या गावाला मैदान असेल तिथे आम्ही खेळलो आणि बहुतेक ठिकाणी जेवूनही आलो. पुढे गुडघे गेले, लग्नं झाली, संघ बंद पडला. निदान आम्हाला तसं वाटत होतं. पण तुझ्या बापाने तो कागदोपत्री कधी मरूच दिला नाही! खजिनदार या नात्याने दर वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून तो अलिबागला नोंदणी कचेरीत जायचा आणि संघाचा हिशेब देऊन यायचा. जमा काही नाही, खर्च काही नाही. आम्हाला वाटायचं हा डोळे दाखवायला जातो. तेव्हा आजच्या घडीला गावात कागदोपत्री सगळ्यात पक्कं मंडळ आमचं निघालं. नाव नवतरुण, सगळ्यात धाकटा गडी पोपट, आणि त्याला नातसून आहे.

अनिताताईंनी कौतुक केलं, पण म्हणाल्या, "काका, नियम सगळ्यांना सारखा. मंडळ चालू हाय हे समितीसमोर दाखवायला लागंल." बचतगटाने पापड दाखवले, ते समितीने तळून खाल्ले. भजनी मंडळाने दोन अभंग म्हटले, तिसरा थांबवावा लागला. आमच्या वाट्याला आला कबड्डीचा सामना. साईराजची पोरं समोर उभी राहायला तयार झाली. आधी तर घाबरली होती. "कुणाला काय झालं तर आमच्यावर यायचं," असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही सात जणांनी शपथेवर सांगितलं की आमच्यातल्या कोणाला काही झालं तर ते वयामुळे झालं असं समजावं.

सराव केला. त्याबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या दिवशी चढाईला गेलेल्या पोपटचा मोबाईल वाजला. कबड्डी कबड्डी करणारा माणूस मध्येच "हॅलो" म्हणाला, म्हणजे दम तुटला, म्हणजे बाद. फोन त्याच्या बायकोचा, धोंडुबाईचा, येताना कढीपत्ता आण म्हणून. पोपट म्हणतो, सामना गेला तर परत खेळता येतो, कढीपत्ता विसरलो तर घरात घेत नाहीत. गिरजाबाईने माझ्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता मला आणि संघाला जे काही म्हटलं ते मुलाबाळांच्या देखत वाचण्यासारखं नाही.

रविवारी सामना. शाळेमागचं मैदान, चुन्याच्या रेषा, समिती खुर्च्यांवर आणि गाव कुंपणावर. आता या खेळातली गंमत तुला माहीत आहे, बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो. बाहेर आंब्याखाली सावली होती, बाकडं होतं, बचतगटाचा चहा होता. त्यामुळे आमचा संघ अतिशय वेगाने बाद झाला. सगळ्यात आधी मी झालो. (समोरच्या पोराचा हात मला लागला असं मी पंचांना स्वतःहून सांगितलं. पोराला ते माहीत नव्हतं.) पाठोपाठ पोपट, मग बाकीचे. चहा गरम होता. मान वर करून बघितलं तर मैदानात मुराद एकटा. लुंगी खोचलेली, डावा कोपरा धरून वाकून उभा, अगदी पूर्वी असायचा तसा.

साईराज चढाईला आला तो हसतच. म्हाताऱ्याला हलकेच हात लावावा आणि परत फिरावं एवढाच त्याचा बेत. त्याचा पाय जरा पुढे आला आणि मुराद खाली बसला. बसला कसला, साईराजचा घोटा दोन्ही हातांनी धरून तो जमिनीला चिकटलाच! ते दाराएवढे खांदे धाडदिशी आडवे. पंचांनी शिट्टी वाजवली तरी हा सोडेना. "चाचा, सोडा, दुपारची शिफ्ट हाय माजी," साईराज धुळीतून ओरडला. "रेषेला हात लागला तुजा? नाय ना? मग गप रव," असं तुझ्या बापाने त्याला सांगितलं. पंचांना हाताने मुरादची बोटं सोडवावी लागली.

गुण आम्हाला मिळाला, आणि गुण मिळाला की बाद झालेला पहिला गडी परत आत. म्हणजे मी! मी पोपटकडे बघितलं, पोपटने झाडाकडे बघितलं. "माजा चहा हाय अजून," मी म्हणालो. तेव्हा मैदानातून मुरादने हाक मारली. "सख्या, ये रं. मी येकट्यानं किती धरू?"

नावेद, मी चहा खाली ठेवला आणि गेलो. मग मात्र आम्ही खेळलो. हरलो, चांगले दणकून हरलो, पण एकेक करून सगळे आत आले, पोपटसुद्धा, मोबाईल अनिताताईंकडे ठेवून. आणि मुराद हसत होता. सुरैय्याभाभी गेल्यापासून तो आमच्यात बसतो, चहा घेतो, मान हलवतो, पण त्याला असं दात दाखवून हसताना मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर गिरजाबाईला सांगताना मी रडलो. ती म्हणाली गुडघा दुखत असेल. दुखत होताच.

अनुदान एकमताने मंजूर झालं. पण ते खेळाच्या खात्यातून असल्यामुळे त्यातून फक्त खेळाचं सामान घेता येतं, पत्रे नाहीत आणि मोरी तर नाहीच. तेव्हा हल्ली आम्ही गळक्या छपराखाली पिवळ्या जर्सी घालून बसतो. पाठीवर नाव आणि आकडा आहे. गुडघ्याला पट्टे आहेत. अडचण आली की जर्सीसकट घरी पळतो. लांबून बघणाऱ्याला आमचा सराव चालू आहे असं वाटतं, त्यामुळे ग्रामपंचायतही समाधानी आहे.

बाकी सगळं क्षेम. अरीबाला आशीर्वाद, मुलांना एकेक पापा. लोभ आहेच, तो वाढवायचं काम तुझ्यावर सोडतो.

तुझा
सखाकाका (जर्सी क्रमांक ४)

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. अनुदानाला अट अशी आहे, की संघाचे सातही गडी वर्षभर गावात राहिले पाहिजेत. एक जरी कमी झाला तरी सगळं सामान परत करावं लागेल. आमच्या जर्सी आता धुऊन झाल्या आहेत, परत घेण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. तेव्हा तेवढं ते तिकीट वर्षभर पुढे ढकलता येतं का बघ.

ता. क. २. रात्रीची काळजी तुला असणार, आणि ती खरी आहे. पोपट घोरतो म्हणून धोंडुबाईने त्याला घराबाहेर काढलं आहे, आता तो तुमच्या पडवीत झोपतो. मुरादला एका कानाने कमी ऐकू येतं, तो कान पडवीच्या बाजूला करून झोपतो. न्हाणीघरात धरायला दांडा आणि खाली खरखरीत फरशी साईराजने सुट्टीच्या दिवशी येऊन बसवून दिली. तो म्हणतो, हा माणूस घसरून पडणं शक्यच नाही, ज्याला धरतो त्याला सोडत नाही.

ता. क. ३. त्या अटीबद्दल अनिताताईंना फोन करून विचारू नकोस. ग्रामपंचायतीने तशी अट घातलेली नाही. ती आम्ही सात जणांनी खोलीत बसून, हात वर करून घातली. आणि तुझ्या अब्बांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता.