कोअरवरची ओल

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! खोली ऐसपैस, खिडकीतून टेकड्या दिसतात, आणि भिंतीपलीकडेच गोदाम. उत्तरेत आजवर जिथे जिथे जमिनीत खोल भोकं पाडली, तिथून निघालेले दगडाचे लांब दांडे, आमच्या भाषेत कोअर, तिथे लाकडी पेट्यांत रचून ठेवलेत. ते तपासायचे, जुन्या नकाशांशी ताडायचे आणि सगळ्याचा मिळून एकच नकाशा करून सांगायचं, की पुढे खनिज कुठे शोधा. दगड ओला केला की रंग खुलतो, म्हणून पाणी आणायचा कंटाळा आला की आम्ही सरळ जीभ लावतो. धाकटी बहीण चिडवते, ताईला नवरा मिळेना तो यामुळेच. चौकीदार काकांनी चहा दिला आणि म्हणाले, मॅडम, बर्फ पडायच्या आत काम उरका.

१९ ऑक्टोबर
काका रजेवर गेले. आता बोलायला चिटपाखरू नाही. आज किटलीशी भांडले, आणि हरले.
गंमत म्हणजे सकाळी उघडली ती पेटी आधीच ओली होती. जिभेएवढे पट्टे. छत गळतंय म्हणावं, तर वर कोरडं ठणठणीत.

२६ ऑक्टोबर
रोज मी उघडणार ती पेटी आधीच ओली असते, आणि जिथे तांबं जास्त तिथेच ओल. खरं सांगते, घाबरण्याऐवजी बरंच वाटलं. कुणीतरी माझंच काम करतंय. मी झाकणं मुद्दाम उघडी ठेवते. नकाशा भराभर भरतोय.
तरी एकटेपणा खायला उठतो. धाकटीला फोन करून गळ घातली, काही दिवस ये म्हणून. ती हो म्हणाली.

२ नोव्हेंबर
जुन्या पेट्या पुन्हा उघडल्या. जिथे जिथे ओल होती, तिथला दगड गेलाय. खळगे. गुळगुळीत, हाताला कोमट. म्हणजे आधी चाखायचं, आणि आवडलं तर दुसऱ्या दिवशी —
एवढं कळायला मला इतके दिवस लागले!

७ नोव्हेंबर
पेट्या संपल्या. आता टेबल ओलं. दाराची कडी. माझी उशी.
काल माझा गालही. आज आरशात पाहिलं, गाल शाबूत. त्यालाही मी पसंत नाही.
बर्फाने फोन बंद. धाकटी निघाली असेल. तिला अडवू कशी —

८ नोव्हेंबर
आली. मिठी मारून म्हणाली, ताई, किती वाळलीस गं. मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.
तिला सोडून बस माघारी गेली. मागोमाग रस्ता बंद.

९ नोव्हेंबर
उठल्या उठल्या हसत विचारत होती, दगड पुरले नाहीत म्हणून माझं कपाळ चाटलंस का —
मी नाही.
मी रात्रभर गोदामाच्या दाराला पाठ लावून बसले होते.

१० नोव्हेंबर
दुपार, पण अंधारलंय. सगळं सांगितलं तिला. आधी हसली, मग रडली, रडून झोपली. डोकं माझ्या मांडीवर. डावा हात तिच्या कपाळावर घट्ट दाबून धरलाय, उजव्याने लिहितेय. काय घ्यायचं ते माझ्या हाताचं घे. हात काढणार नाही, काही झालं तरी
हाताखाली — खळगा — गुळगुळीत — कोमट —