दादाचं अर्धं हसू

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नुसता कागदावरचा आहे हे तू ओळखशीलच. प्रत्यक्ष घालून सात वर्षं झाली.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींची कंबर आता जिना चढू देते का? आम्ही सगळे ठीक आहोत, आईही ठीक आहे, आणि हे तुला दर आठवड्याला फोनवर तिच्याकडूनच कळत असल्यामुळे मी उगाच शाई वाया घालवतो आहे. तू तिला भेटायला येतोस त्या दिवशी मला बरोबर बाहेरची कामं निघतात. हे वेळापत्रक आपण दोघांनी कधी बसून ठरवलं नाही, तरी इतकं काटेकोर पाळतो की कुठल्याही आगगाडीने लाजावं. पण आईला ते आता पसंत नाही. तिचे डोळे अधू होत चालले आहेत हे तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात नुसत्या सावल्या दिसतील. तेव्हापासून तिचं एकच चाललं आहे : दिसतंय तोवर मला माझी दोन्ही मुलं एका फोटोत बघायची आहेत. तू तिला म्हणालास, ‘त्याच्याशेजारी मी उभा राहणार नाही.’ मी म्हणालो, ‘मी तरी कुठे राहणार आहे?’ आणि मग जे झालं ते तुला सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

सुरुवात माझ्या घशापासून करावी लागेल. चाळीस वर्षं मी या घशातून अन्यायाविरुद्ध जे काही बाहेर काढलं, त्याचा मोबदला म्हणून स्वरयंत्रावर दोन गाठी आल्या. त्या साध्याच निघाल्या, काळजी करू नये. पण डॉक्टरांनी सहा महिने भाषणबंदी लादली. इतकी सरकारं आली आणि गेली, कुणाला जे जमलं नाही ते एका शांत स्वभावाच्या बाईने एका चिठ्ठीवर करून दाखवलं. मी घरी बसलो. चौथ्या दिवशी तुझ्या भावजयीने सांगितलं की तुम्ही बोलत होता तेव्हा निदान कान बंद करता येत होते, आता तुमच्या हातवाऱ्यांनी कपबशा फुटतात, तेव्हा रोज काही तास कुठेतरी जाऊन बसा. तिची एक मैत्रीण कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ चालवते. तिथे फोटो साफ करायला माणूस हवा होता. साफ करायचं म्हणजे फडक्याने पुसायचं नाही, कॉम्प्युटरवर चेहऱ्यावरचे डाग काढायचे. एका काळ्या पाटीवर पेनासारखी काडी फिरवायची आणि पडद्यावर त्याप्रमाणे माणसाची कातडी दुरुस्त होत जाते. एकसष्टाव्या वर्षी मी पाटीवर बसलो.

आता तू मला ओळखतोस. पहिल्याच दिवशी मी तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला. चेहरा हा माणसाने जगलेल्या आयुष्याचा जाहीरनामा आहे, त्यातली एक ओळही खोडायचा अधिकार कुणाला नाही, असं मी (बोलायची बंदी असल्यामुळे) चार पाठकोऱ्या कागदांवर लिहून काढलं आणि एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या हातात दिलं. ते ओळखपत्रासाठी फोटो काढायला आले होते आणि नाकावरचा चष्म्याचा वळ तेवढा पुसता येईल का असं त्यांनी विचारलं होतं. चारही पानं त्यांनी सभ्यपणे वाचली, घडी घालून परत दिली, आणि स्टुडिओवालीला विचारलं, ‘यांना काही त्रास होतोय का?’ ते गेल्यावर ती मला म्हणाली, ‘काका, हे दुकान आहे, सभा नाही.’ (चाळिशीची बाई आहे, मान खाली घालून काम करते, आणि तिचं वाक्य संपल्यावर त्यात भर घालायला जागा उरत नाही. अशी माणसं विरोधी पक्षात असली की फार त्रास होतो.)

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. माझ्या स्वभावात मधलं स्टेशन नाही, हे तूच मला लहानपणी सांगत असायचास. काढायचेच ना डाग, मग एकही ठेवणार नाही! नवशिक्याची खोड अशी की तो चेहरा मोठा मोठा करत जातो. पडद्यावर नुसता एक गाल भरतो, मग अर्धा गाल, मग चार रोमरंध्रं आणि एक केस. तिथे माणूस उरत नाही, नांगरलेली जमीन उरते, आणि जमीन म्हटली की मला ती सपाट करावीशी वाटते. एका मुलीच्या फोटोत गालावर भला मोठा खड्डा दिसला. आजूबाजूची चांगली कातडी उचलून मी तो दीड तासात असा बुजवला की सांधा सापडू नये. संध्याकाळी तिची आई फोटो न्यायला आली आणि काउंटरवरच कडाडली, ‘माझ्या मुलीची खळी कुठे गेली?’ दादा, रस्त्यांवरचे खड्डे बुजवा म्हणून मी वीस वर्षं गावोगाव ओरडत फिरलो. एक बुजला नाही. आयुष्यात बुजवला तो हा एकच.

त्या दिवशी स्टुडिओवालीने मला या धंद्याचा नियम सांगितला, आणि तो मी कागदावर उतरवून पाटीच्या वर चिकटवला आहे. आधी लांबून बघायचं. मग प्रत्येक खुणेला विचारायचं, तू आठवड्याभरात जाणार आहेस का? पुटकुळी जाते, दाढी करताना कापलेलं जातं, जागरणाची सूज उतरते. ते खुशाल काढावं. तीळ, खळी, जुना व्रण, कपाळावरच्या आठ्या जात नाहीत. त्यांना हात लावायचा नाही, कारण ते त्या माणसाच्या मालकीचं आहे. सत्यावर मी कपाटभर ग्रंथ वाचले, त्यांतल्या अर्ध्यांवर बोललोही. पण सत्याची इतकी आटोपशीर वाटणी कुठे पाहिली नव्हती.

आईला वाटलं मला आता जादू येते. तिने सांगून टाकलं, ‘तो येत नाही, तू जात नाहीस, तर तूच त्याला फोटोत आणून उभा कर.’ मी कुजबुजलो, आई, ती लबाडी होईल. ती म्हणाली, ‘सात वर्षं दोघं मिळून माझ्याशी करताय, ती लबाडी नाही?’ यावर उत्तर सुचलं असतं, पण डॉक्टरांची बंदी होती.

तुझा फोटो शोधायला लागलो तेव्हा कळलं की माझ्याकडे तू आहेस तो फक्त एका ठिकाणी : तुझ्या निवृत्तीच्या सत्कारात. पाणीपुरवठा खात्याचं ते सभागृह, निळा पडदा, तू व्यासपीठावर मधल्या खुर्चीत. फोटोवाल्याने त्या दिवशी चाळीसेक फोटो काढले होते आणि प्रत्येकावर वेळ उमटलेली आहे. सहा वाजून बारा मिनिटांनी तू हसतो आहेस. सरळ समोर, लोकांकडे बघून. ‘आता माझा धाकटा बोलणार आहे, नीट ऐका’ असं ते हसू आहे. पण त्याच क्षणी मी माइककडे निघालो होतो आणि श्रोत्यांना अभिवादन म्हणून हात वर केला होता. तो हात आणि खांदा तुझ्या बरोबर अर्ध्या चेहऱ्यावर आला आहे. म्हणजे तुझं हसू अर्धं मिळतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर मी आहे.

मी हार मानली नाही. अर्धं आहे ना, मग त्याचंच उलटं करून शेजारी जोडू! (कुणालाही सुचेल. नवशिक्याला आधी सुचेल.) तीन दिवस जोडकाम केलं, तुला निळ्या पडद्यापुढून कापून काढलं, आईच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी असं उभं केलं, आणि मोठी प्रत काढून घरी नेली. आईने ती खिडकीपाशी धरली, भिंग लावलं, नाक कागदाला टेकेपर्यंत जवळ नेली. जिला वर्तमानपत्राचा मथळा दिसत नाही ती म्हणाली, ‘याला दोन खिसे का?’ मी बघितलं. शर्टाला दोन खिसे होते. दोन्ही खिशांत एकेक पेन होतं. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावरही होता, आणि केसांचा भांग दोन्हीकडून निघून मधे एक बेट तयार झालं होतं. आईने भिंग चेहऱ्यावर नेलं. मग म्हणाली, ‘आहे तुझ्या दादासारखाच. पण हा कुणाकडेच बघत नाही रे.’ तिने तो फोटो माझ्याकडे परत दिला, आणि मी आजवर ऐकलेल्या टीकेत याहून कठोर टीका नाही.

मग दुसरा फोटो घेतला, पूर्ण चेहऱ्याचा. वेळ सहा चाळीस. माझ्या भाषणाचं अठ्ठाविसावं मिनिट. (एकूण अठ्ठेचाळीस झाली. मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं होतं.) तू सरळ बसला आहेस, हात मांडीवर, आणि ओठाच्या कडेपासून हनुवटीकडे एक बारीक रेघ उतरली आहे. ती सहा बाराच्या फोटोत नाही. मी ती काढायला गेलो तर तू मेणाचा झालास. ओठ जरा वर उचलले तर निवडणुकीतल्या उमेदवारासारखा दिसायला लागलास. आठ दिवस मी एवढंच करत होतो, दादा. इतक्या जवळून तुझ्याकडे मी कधीच पाहिलं नव्हतं. एका घरात, एका ताटात जेवून वाढलो, पण समोर बसलेला माणूस आपण बघतो कुठे? आपण त्याला ऐकवत असतो.

शेवटी स्टुडिओवाली माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिने नियमाप्रमाणे विचारलं, ‘काका, ही रेघ आठवड्यात जाणारी आहे, की कायमची?’

मला सांगता आलं नाही. तिला वाटलं घशामुळे. खरं कारण हे की त्या दिवसानंतर मी तुझा चेहरा पाहिलेलाच नाही. ती रेघ त्याच रात्री घरी जाऊन हातपाय धुतल्यावर गेली, की सात वर्षं तिथेच बसली आहे, हे मला ठाऊक नाही. मी तुझा सख्खा भाऊ, आणि तुझ्या चेहऱ्यावरची खूण तुझी आहे की माझ्या भाषणाची, एवढंही मला सांगता येत नाही. ते अठ्ठाविसावं मिनिट मला पाठ आहे. ‘माझ्या दादाने अडतीस वर्षांत कुणाच्या विरोधात हात वर केला नाही, संपाच्या दिवसांतही तो मुकाट्याने कामावर गेला, आणि अशाच सज्जनांच्या खांद्यांवर जगातला अन्याय सुखाने उभा आहे.’ टाळ्या कडकडून पडल्या होत्या. वाक्य चांगलं होतं. लय चांगली होती. चांगल्या वाक्याचा हाच तोटा आहे, ते तोंडात आलं की गिळवत नाही. याविषयी आणखीही सांगता येईल, पण पत्र आधीच लांबलं आहे आणि वाक्यं पुन्हा चांगली होऊ लागली आहेत. तेव्हा आवरतो.

वहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांनी तो स्वीकारला नाही तरी सांगितल्याचं कळव.

तुझा धाकटा

ता. क. १ : मूळ काम राहिलंच. तुझा एक ताजा फोटो पाठव. उजेड डावीकडून, खांदे सरळ, शर्ट फिक्या रंगाचा, एका खिशाचा. हसलं पाहिजे असं नाही. बाकी मी बघून घेतो. मला फक्त ती रेघ आहे की गेली ते बघायचं आहे.

ता. क. २ : फोटो पाठवू नकोस. संपाच्या वर्षी मी शेवटच्या वर्गात होतो. तू कामावर गेला नसतास तर तुझी नोकरी गेली असती आणि माझं शिक्षण सुटलं असतं. हे मला तेव्हा माहीत होतं, आणि माइकसमोर उभा होतो तेव्हाही माहीत होतं. लोकांना खरं सांगतो असं म्हणत मी अर्धंच सांगितलं, कारण पुढच्या अर्ध्यावर टाळ्या पडल्या नसत्या. मी चुकलो, दादा. मला माफ कर.

ता. क. ३ : पत्र आईला वाचून दाखवलं. (कुजबुजत, दोन बैठकांत.) ती म्हणाली, ‘एवढं पुराण कशाला? ते दुसरं ता. क. तेवढं वेगळ्या चिठ्ठीवर लिही आणि सगळ्यात वर ठेव. तो ते वाचेल आणि बाकीचं फेकून देईल.’ मी तसंच केलं आहे. पाकीट उघडताच तुझ्या हाती आधी ती चिठ्ठी आली असेल. म्हणजे तू आत्ता हे वाचत असशील, तर ती वाचूनही पुढे एवढी पानं वाचत आला आहेस. तिचा अंदाज असा चुकू शकतो, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. तिने स्टुडिओवालीला रविवारी सकाळी दहाची वेळ सांगून ठेवली आहे, तिघांसाठी.