मालकाच्या सहीची जागा

हिंगोली
१४ नोव्हेंबर १९४६

सौ. पारूताईस धाकट्या उकंडरावाचा सा. न. वि. वि.

भाऊबीज करून तू गेलीस आणि घर सुनं झालं. लेक शकू तर अजून जेवताना तुझं ताट घेते आणि परत ठेवते.

काम असं की, मोटारीबरोबर आतल्या सामानाचाही विमा उतरवला होता. तू मला उधळ्या म्हणालीस, आता बघ. आखाडा बाळापुरात आपण महेबूबच्या घरी चहा घेत बसलो आणि बाजाराच्या कडेला उभ्या मोटारीतून तुझी पेटी गेली, तिची भरपाई मागता येते. पोलिसांत वर्दी दिलीच आहे. पेटीत काय काय होतं त्याची यादी पाठव. काही लपवू नकोस. ती पेटी चढवताना माझी कंबर धरली होती.

ताईचा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा उकंडराव

कुरुंदा
२० नोव्हेंबर

चि. उकंडरावास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीन लुगडी, एक शाल, आईचा चांदीचा करंडा. आणि त्यांचे कपडे: दोन धोतरं, एक सदरा, फेटा आणि लग्नातला काळा कोट.

हसू नकोस. मी कुठंही गेले तरी ते कपडे सोबत नेते. मी तुझ्याकडे असताना ते हिंगोलीच्या स्टेशनावर उतरले तर? पाच वर्षं मलायात. अंगावर धड काही राहिलं असेल का?

महेबूब त्यांच्याच पलटणीतला, म्हणून मोठ्या आशेनं गेले होते. जंगलात ताटातूट झाली, मेलेलं पाहिलं न्हाई आणि जितंबी पाहिलं न्हाई, असं तो म्हणाला. त्यातलं पहिलं तेवढं मी घेऊन आले.

सासूबाई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. दुपारी उगीच दाराची कडी वाजल्यासारखी वाटते.

शकूला आशीर्वाद. आठवण ठेवत जा.
तुझी ताई

हिंगोली
११ डिसेंबर

सौ. ताईस सा. न. वि. वि.

कंपनीचं उत्तर आलं. भाऊजींचे कपडे यादीत आहेत, म्हणून त्या मालाच्या मालकाची सही लागते. मालक हयात नसेल तर त्याच्या विधवेनं तसं लिहून द्यायचं. तोवर तुझी लुगडी, करंडा, सगळंच अडून राहील.

सोबत कागद भरून पाठवला आहे. तुझ्या नावामागे मला गं. भा. लिहावं लागलं. हात थांबला होता, तरी लिहिलं. मलाही भाऊजी हवे आहेत गं. पण किती दिवस वाट पाहायची? फक्त सही कर. मग इकडेच राहायला ये.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा उकंडराव

कुरुंदा
१९ डिसेंबर

चि. उकंडरावास आशीर्वाद. वि. वि.

रागावले. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, तू तरी काय करशील? तुझ्या मनात माझी काळजीच आहे. पण ती दोन अक्षरं मी खोडली आहेत.

मालकाचं नाव तेवढं तू कोरं सोडलं होतंस, ते मी भरलं. जाण्याआधी त्यांनीच मला लिहायला शिकवलं, पण उखाण्याखेरीज मी त्यांचं नाव घेतलं नाही. त्यांना पत्र धाडायचं तर पाकिटावरसुद्धा ते तूच घालायचास. परवा पाटीवर पाच वेळा गिरवलं आणि मग कागदावर उतरवलं: सोनाजी. लिहून झाल्यावर किती वेळ बघत बसले, काय सांगू! घरात कुणी आल्यासारखं वाटलं.

सहीची जागा मोकळी ठेवली आहे. मालक आल्यावर सही करतील, असं कंपनीला कळव. करंडा गेला तर गेला.

एक काम मात्र कर. तुझ्या शिंप्याकडे काळा कोट शिवायला टाक. माप तुझंच दे. जाताना ते तुझ्याएवढेच होते. आता वाळले असतील, तेव्हा थोडा तंग शिवून शिवणीत कापड जास्त ठेवायला सांग, अंग भरलं की उसवता येईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
सौ. पारूबाई