खिडकीकडची कॉट

५ जुलै, शनिवार

"हॉस्टेलात राह्यलेल्या पोरी मंग घरात मावत नाहीत. तू यष्टीनंच जाशीन." – बाबारावदादा, १९९७. नेरच्या घरी, चहा पिता पिता. वडील नव्हते. मोठा भाऊ म्हणेल ते. त्याचा कप खाली ठेवून होण्याआधी माझं ठरून गेलं होतं.

आज प्रियंकाची अमरावतीला बी.एस्सी.ची ॲडमिशन झाली आणि मला पेढ्यांच्या आधी हे आठवलं. अठ्ठावीस वर्षं! तीन वर्षं नेर–अमरावती पास. साडेचारची गाडी धरायची म्हणून प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायचं. हॉस्टेलच्या मुली सकाळी ओल्या केसांनी, एकमेकींच्या ओढण्या घालून वर्गात यायच्या. आदल्या दिवशीच्या कुठल्या तरी गोष्टीवर हसत. कोणी तरी मला ती समजावून सांगायचं. समजावून सांगितलेल्या गोष्टीवर हसू येत नाही.

माझी मुलगी हॉस्टेललाच राहील.

७ जुलै

शाळेतून रजा काढली. दिग्रसहून सहाची गाडी. प्रियंका आणि मी – तीन हॉस्टेलं पाहिली.

पहिलं खाजगी. प्लायवूडच्या भिंती, खिडकी नाही. मालकीणबाईंनी आधी विचारलं, नॉनव्हेज खाता का. उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, मुलीचं पूर्ण नाव सांगा. सांगितलं. दोन मिनिटांपूर्वी तीन कॉट रिकाम्या होत्या, आडनाव ऐकल्यावर एकही उरली नाही! मला बोलायचं होतं, खूप. प्रियंकानं माझी पर्स ओढली. "आई, चाल ना." मी जिना दाणदाण पाय आपटत उतरले. ती नेहमीसारखी. तिला सवय झाली आहे की काय, या विचारानं जास्त संताप आला.

दुसरं सरकारी. यादी ऑगस्टच्या शेवटी लागणार. कॉलेज एकवीस जुलैला सुरू!

तिसरं कॉलेजचं स्वतःचं. तिघींची खोली. बाहेर कडुलिंब, दोरीवर कपडे, या गॅलरीतून त्या गॅलरीत गप्पा. मी एका कॉटवर बसून पाहिलं. प्रियंका दारातच उभी होती.

फॉर्मवर मात्र 'स्थानिक पालक' पाहिजे. शहरातला, नात्यातला. त्याची सही, फोटो. रविवारी मुलीला बाहेर पाठवायचं तर त्याच्याकडेच.

अमरावतीत आमचं नात्यातलं एकच घर आहे. दादाचं.

८ जुलै

दादा सही करत नाही! "मामा गावात असून भाची मेसचं खाईन? लोकं माह्या तोंडात शेण घालतीन." सही केली म्हणजे त्यानंच लिहून दिलं की भाचीला घरात घेतली नाही, असं त्याचं म्हणणं. वरची खोली रिकामी आहे. वहिनीनं पडदेसुद्धा धुतले म्हणे.

संघदीप पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "कायले एवढं मनावर घेतेस? दादा प्रेमानंच म्हणून राह्यले."

प्रेमानंच. सत्त्याण्णव सालीही प्रेमच होतं! नवऱ्याला हे सांगायला गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. मग सांगायचं राहूनच गेलं.

१० जुलै

दादाचा फोन. उचलला नाही.

१४ जुलै

झालं! प्रियंकाला कागदपत्रांसाठी दोन दिवस मामाकडे ठेवलं आणि मी एकटी वॉर्डनकडे गेले. एकटी नाही – रजनीला घेऊन. बी.एस्सी.ची माझी मैत्रीण, तेव्हा हॉस्टेलला असायची, आता अमरावतीतच बँकेत आहे. ती म्हणाली, मी होते पालक.

वॉर्डन म्हणाल्या, नात्यातलं माणूस लागतं, बहुतेक मामा नाही तर काका सही करतात. मी म्हटलं, "तीन वर्षं माझी जर्नलं हिच्या कॉटखाली राहिली. अर्धी हिनंच पूर्ण केली. याला नातं नाही म्हणत, तर काय म्हणतात?"

बाईंनी रजनीकडून फोटो मागून घेतला. मग शिक्का काढला.

खोली नंबर चौदा. खिडकीकडची कॉट.

परत येताना गाडीत एकटीच हसत होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, काय झालं बाई? म्हटलं, हॉस्टेल मिळालं.

१९ जुलै

प्रियंकाचा फोन. मामाच्या वरच्या खोलीतून; दोन दिवसांचे पाच झालेत.

"आई, रागावू नको. मी इथंच राहते." आणि मग एका दमात – "मले हॉस्टेल नकोच होतं. तू इतकी भांडून राह्यली होती, मले सांगताच नाही आलं."

दादानं कान भरले का, विचारलं. नाही म्हणाली. मामा काहीच बोलला नाही. तिलाच अनोळखी मुलींमध्ये झोप येत नाही, शिबिराला गेली होती तेव्हाही आली नव्हती.

मला हे माहीत नव्हतं.

तीन हॉस्टेलं दाखवली, तिन्हींत तिला एकदाही विचारलं नाही. आता कोणावर चिडू?

२० जुलै, रविवार

कॉट सोडायला आईवडिलांपैकी एकानं अर्ज घेऊन जावं लागतं. अर्ज लिहिला. खाली आणखी चार ओळी लिहिल्या. वॉर्डन नाही म्हणतील. पाचनंतर पाहुण्यांना फाटकाच्या आत घेत नाहीत, नियम मीच वाचलेत. तरी खोडल्या नाहीत –

'कॉट गुरुवारी परत करते. त्याआधी बुधवारी एक दिवस विद्यार्थिनीच्या आईला तिथं राहू द्यावं, ही विनंती. वय ४६. अंथरूण सोबत आणीन.'